सल्ला हवा: आठव्या इलिनॉय घोडदळाबद्दल काय वाचावं, काय बघावं?

ऋतुगंध:
नमस्कार मंडळी. आम्हाला इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला येऊन नऊ वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात लेकीच्या प्रोजेक्टमुळे पहिल्यांदा कळलं की अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईतली पहिली गोळी आमच्याच ड्यूपेज काउंटीतल्या माणसाने झाडली असं मानतात, लेफ्टनंट मार्सेलस जोन्स, आठवी इलिनॉय घोडदळ रेजिमेंट. तेव्हापासून आम्हा दोघींना याचंच वेड लागलंय. जुलैत गाडीने गेटिसबर्गला जायचं ठरतंय. लायब्ररीत अमेरिकन यादवी युद्धावर भिंतभर पुस्तकं आहेत पण सगळी ग्रँट, ली नाहीतर लिंकनची, मला या एका रेजिमेंटची गोष्ट हवीय, कोण होते हे लोक, घोडे कुठून आणले, लढायचे कसे. लेक १३ वर्षांची आहे, तिलाही झेपेल असं सांगा.

जुनीपानं:
ताई, सुरुवात रेजिमेंटच्या सर्जनपासूनच करा. अ‍ॅब्नर हार्ड यांनी १८६८ मध्ये, म्हणजे युद्ध संपून तीनच वर्षं झाली होती तेव्हा, आठव्या इलिनॉयचा सगळा इतिहास लिहिला. कॉपीराइट केव्हाच संपलाय, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतो. भाषा जुनी आहे, लेकीला सलग वाचायला देऊ नका, तुम्ही आधी वाचून निवडक पानं तिला वाचून दाखवा. लिहिणारा डॉक्टर आहे हे लक्षात असू द्या, कारण या रेजिमेंटची जेवढी माणसं लढाईत गेली त्याच्या दुपटीहून जास्त आजारपणाने गेली, आणि हे जनरल लोकांच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात.
दुसरं, आणि लेकीसाठी हेच सगळ्यात भारी: इलिनॉय स्टेट अर्काइव्हजच्या साइटवर सैनिकांच्या नोंदी शोधता येतात. नाव, गाव, कंपनी, वय, उंची, केसांचा रंग, धंदा असं बरंच काही सापडतं. जोन्स ई कंपनीत होता, तिथून सुरू करा.

सह्यकडा:
घोड्यांचं सांगतो. आपल्याकडे बारगीर आणि शिलेदार असा फरक होता ना, बारगिराला घोडा सरकारी आणि शिलेदाराचा स्वतःचा, तसंच तिथे समजा. उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या (आठवी त्यातलीच), बहुतेक रेजिमेंटांना घोडे सरकार द्यायचं, म्हणजे बारगीर. दक्षिणेचा स्वार घोडा घरून आणायचा, सरकार त्याला दिवसाला ४० सेंट भाडं द्यायचं, आणि घोडा मेला की एकतर दुसरा मिळवायचा नाहीतर पायदळात जायचं. पुढे पुढे त्यांचं घोडदळ खिळखिळं होत गेलं त्यात याचा मोठा हात आहे.
आणि लेकीच्या डोक्यात तलवारी उपसून धावणारे स्वार असतील तर तिला आधीच सांगा की गेटिसबर्गला हे लोक मुख्यतः घोड्यावरून उतरून लढले. दर चौथा माणूस चार घोडे धरून मागे थांबायचा, म्हणजे लढायला उरले तीन चतुर्थांश. खूप ठिकाणी लिहिलेलं दिसेल की त्यांच्याकडे सात गोळ्यांच्या स्पेन्सर बंदुका होत्या, ते चूक आहे. आठव्याकडे मुख्यतः शार्प्स कार्बाइन, म्हणजे घोडदळाच्या आखूड बंदुका, होत्या, एका वेळी एकच गोळी, पण मागून भरता येते म्हणून आडवं पडूनही भराभर भरता यायची. समोरच्या पायदळाला दरवेळी नळीच्या तोंडातून बार ठासावा लागायचा.

भटक्या_८२:
गेटिसबर्गच्या आधी घराजवळचं बघा. सेंट चार्ल्सला फॉक्स नदीकाठी लँगम पार्क आहे, तिथे कॅम्प केन नावाची लष्करी छावणी होती. सप्टेंबर १८६१ मध्ये ही रेजिमेंट तिथेच उभी राहिली, उभी करणारा जॉन फार्न्सवर्थ, काँग्रेसमन आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक.
गेटिसबर्गला लोक रेनॉल्ड्स अ‍ॅव्हेन्यूवरचं रेजिमेंटचं स्मारक बघून परत फिरतात. तसं करू नका. गावाच्या पश्चिमेला ३ मैलांवर, चेंबर्सबर्गच्या रस्त्यावर नॉक्सलिन रोडच्या कोपऱ्याला एक छोटासा दगडी खांब आहे, जोन्सने दोन साथीदारांना घेऊन १८८६ मध्ये स्वतः उभा केलेला, आणि दगड तुमच्या नेपरव्हिलचा! १ जुलै १८६३ ला सकाळी साडेसातच्या सुमाराला त्याने सार्जंट शेफरची कार्बाइन मागून घेतली आणि गोळी झाडली ती इथेच. तिथे उभं राहिल्यावर मला सगळ्या मोठमोठ्या पुतळ्यांपेक्षा जास्त भरून आलं. रस्त्यावर गाड्या जोरात येतात, लेकीचा हात धरा. नववी न्यूयॉर्क घोडदळ रेजिमेंटसुद्धा पहिल्या गोळीवर हक्क सांगते, त्यांचंही स्मारक बघून घ्या, लेकीला प्रोजेक्टमध्ये दोन्ही बाजू मांडता येतील.

जुनीपानं:
भटक्याला अनुमोदन. जमलं तर मेरीलँडमधलं मोनोकसीही करा, फ्रेडरिकजवळ आहे, गेटिसबर्गहून साधारण तासभर. ९ जुलै १८६४ ला आठव्यातले लोक तिथे त्यांचा अधिकारी क्लेंडेनिन याच्या हाताखाली लढले. लढाई हरले, पण वॉशिंग्टनवर चालून आलेल्या दक्षिणेच्या जनरल अर्लीचा एक दिवस खाल्ला आणि तेवढ्यात राजधानीत कुमक पोचली. हाच क्लेंडेनिन पुढे लिंकनच्या खुनाचा खटला चालवणाऱ्या लष्करी आयोगावर होता.

ऋतुगंध:
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. काल रात्री लेक अर्काइव्हजच्या साइटवर ई कंपनी काढून बसली, जेवायला उठेना, वयाचा कॉलम बघून म्हणाली आई यातले कितीतरी आपल्या दादाच्या वयाचे आहेत. कॅम्प केनला या शनिवारीच जातोय. मोनोकसीला अर्धा दिवस पुरेल का?

भटक्या_८२:
पुरेल. सकाळी लवकर जा, दुपारी ऊन फार असतं. आधी व्हिजिटर सेंटरमधला नकाशा बघा आणि मग नदीकडे उतरा.