मदत हवी आहे: नॅशव्हिलच्या ऑप्रीलँडमधली एक जागा शोधायची आहे

पुढच्या महिन्यात बाबांना नॅशव्हिलला नेतोय. 1986 मध्ये आईबाबांनी ऑप्रीलँड या करमणूक पार्कमध्ये वॉबॅश कॅननबॉल या रोलरकोस्टरच्या दुहेरी पिळासमोर काढलेला फोटो आमच्याकडे आहे. आई आता नाही. बाबांना त्याच जागी एकदा उभं राहायचंय. पार्क 1997 ला बंद झालं, 2000 पासून तिथे ऑप्री मिल्स मॉल आहे.

पार्कचा जुना नकाशा उपग्रह नकाशावर ठेवून पाहिला. 1974 चं ग्रँड ओल ऑप्री या संगीत कार्यक्रमाचं सभागृह जागेवरच असल्याने दिशा कळते, पण अंतर जुळत नाही. मॉलमध्ये फोनवर विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही.

बाबांचे गुडघे दुखतात, शोधत फिरणं जमणार नाही. तेव्हा तिथे गेलेलं कुणी आहे का? कॅननबॉल आजच्या मॉलच्या कुठल्या प्रवेशद्वाराजवळ येतो?