उरलेली औषधं, इन्सुलिनच्या सुया आणि वेदनाशामक पॅच: टाकायचे कसे?

पाऊलवाट:
घरातल्या दीर्घ आजारपणानंतर औषधांचा मोठा डबा उरला आहे. गोळ्या (काहींची मुदत संपलेली), अर्धवट सिरप, एक इनहेलर, फेंटॅनिलचे (तीव्र वेदनाशामक औषध) नवे आणि वापरून काढलेले पॅच, शिवाय इन्सुलिन पेनच्या वापरलेल्या सुया. सुया सध्या पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत आहेत. सगळं एका पिशवीत बांधून कचऱ्यात दिलं तर चालेल का? की गोळ्या शौचालयात टाकून पाणी सोडावं?

खलबत्ता:
दोन्ही नको. आधी वेगवेगळं करा, आणि सुरुवात पॅचपासून करा, कारण त्या डब्यातली सगळ्यात धोकादायक वस्तू तीच आहे. 72 तास अंगावर राहून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. लहान मुलाने तो अंगाला चिकटवला किंवा चघळला तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. चिकट बाजू आत येईल असा मधोमध दुमडून घट्ट दाबा. औषधं परत घेणारं केंद्र जवळ असेल तर तिथे द्या. नसेल तर लगेच फ्लश करा. ही सूट फक्त फेंटॅनिल, मॉर्फिन, ऑक्सिकोडोन अशा मोजक्या औषधांना आहे, कारण ती घरात पडून राहण्याचा धोका पाण्यात गेल्याच्या धोक्यापेक्षा मोठा मानला जातो. हाताला औषध लागलं तर नुसत्या पाण्याने धुवा. साबणाने ते त्वचेत जास्त शिरू शकतं.

बाकीच्या गोळ्या फ्लश करू नका. सांडपाणी शुद्धीकरणात सगळी औषधं निघत नाहीत, आणि प्रतिजैविकं तर अजिबात मोरीत जाऊ नयेत. औषधाचं दुकान किंवा रुग्णालय परत घेत असेल तर उत्तम. नाहीतर स्ट्रिपमधून काढून, न कुटता (भुकटी उडून नाकातोंडात जाते), ओलसर माती किंवा वापरलेल्या चहापावडरीत मिसळा आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरून कचऱ्यात द्या. असं मिसळलं की कोणी उचलून खात नाही आणि परत विकतही नाही. सिरपही त्याच पिशवीत माती शोषून घेईल इतकंच ओता. लेबलवरचं रुग्णाचं नाव खोडा.

डब्यात मेथोट्रेक्झेट (संधिवात, कर्करोगावरचं औषध) किंवा कर्करोगाच्या इतर गोळ्या असतील तर त्या स्ट्रिपमधून काढूच नका. आहेत तशा रुग्णालयात परत द्या.

कडुनिंब:
सुयांबद्दल. पाण्याची बाटली पातळ असते, कचरा दाबला गेला की सुई आरपार येते. त्याहून वाईट म्हणजे, कचरा वेचणाऱ्यांना ती बाटली उपयोगाची वाटते आणि ते झाकण उघडतात. कपडे धुण्याच्या द्रव साबणाची जाड, अपारदर्शक, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या. आत्ताच्या सुया तिच्यात ओतत बसू नका, त्यातच टोचतं. पाण्याची बाटली झाकणासकट एखाद्या मोठ्या जाड डब्यात उभी ठेवा.

पेनच्या सुईला दोन टोकं असतात हे लक्षात राहत नाही. एक त्वचेत जातं, दुसरं बारीक टोक मागे कार्ट्रिजच्या (पेनमधल्या इन्सुलिनच्या नळीच्या) रबरात असतं. बाहेरचं मोठं टोपण टेबलावर आडवं ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवा आणि मग फिरवून काढा. आतलं छोटं टोपण परत लावायला जाऊ नका, बोट तिथेच टोचतं. काढल्यावर मागचं टोक उघडं असतं, म्हणून ती लगेच बाटलीत टाका. बाटली टेबलावर असू द्या, हातात धरू नका. रक्तातली साखर तपासायला बोट टोचायच्या सुया, म्हणजे लॅन्सेटही त्यातच. तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा, मोठ्या अक्षरांत ‘सुया आहेत, उघडू नका’ लिहा आणि रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात घेतात का ते विचारा.

पाऊलवाट:
धन्यवाद. इनहेलर राहिला. आणि बाटलीत ब्लीच ओतावं का? कोणाला टोचलंच तर?

पाटीपेन्सिल:
ब्लीच नको. सुईच्या पोकळीत ते नीट पोहोचत नाही, उलट बाटली कलंडली तर द्रव अंगावर येतो.

इनहेलरचा धातूचा डबा रिकामा वाटला तरी आत दाबाखालचा वायू असतो. भोक पाडू नका, जाळू नका, तापला तर फुटतो. औषधाच्या दुकानात परत घेतात का पाहा.

टोचलं तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकू शकतो, त्यामुळे ‘सुई जुनी होती’ म्हणून सोडून देऊ नका. लस पूर्ण झाली आहे का ते सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं लागणार असतील तर ती 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. सुई कोणाची होती हे माहीत असेल तर तेही सांगा, उपचार त्यावरून ठरतो.