बोटांवर मोजायची सवय मोडायची घाई नको

एकांनी लिहिलंय की पहिलीत गेल्यावर बोटं बंदच करायला लावा, नाहीतर पुढे तोंडी हिशोब येत नाही. मला नाही पटत. अडचण बोटांची नसते हो, पोरगं दर वेळी एकपासून सुरुवात करतं ही असते. ७ + ३ दिलं की आधी सात बोटं उघडणार, ती मोजणार, मग तीन उघडणार, आणि परत सगळी एकपासून मोजणार. यात चूक काही नाही, बहुतेक सगळी मुलं आधी असंच करतात, त्यातून त्यांना पुढच्या पायरीवर न्यायचं असतं.

आमच्याकडे भाचीसाठी नाशिकला गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारातून चिंचोके आणले होते (प्लास्टिकचे महागडे किट कशाला घेतात देव जाणे). सात चिंचोके तिनेच मोजून मुठीत झाकायचे, तीन बाहेर ठेवायचे, आणि मूठ न उघडता एकूण किती ते सांगायचं. मूठ झाकलेली म्हणून एकपासून मोजताच येत नाही, मग आपोआप आठ, नऊ, दहा. फक्त एक बघा, सुरुवातीला मुलं बाहेरच्या पहिल्या चिंचोक्यालाच "सात" म्हणतात आणि उत्तर नऊ येतं, तेव्हा मुठीवर टिचकी मारून "सात" म्हणायला लावायचं आणि मगच बाहेरचे. हे जमलं की ३ + ८ द्या, मोठा आकडा मुठीत घ्यायचा हे बरीचशी पोरं स्वतःच शोधतात, तेवढं मात्र आधी सांगून टाकू नका.