कडमतच्या छायाचित्रातला मासा

लक्षद्वीपमधील कडमत बेटाजवळ प्रवाळावर बसलेल्या, लालसर ठिपक्यांच्या बोटभर माशाचे छायाचित्र इथे ओळखीसाठी आले आहे. त्याला एकाने गोबी आणि दुसऱ्याने ब्लेनी म्हटले आहे; हे दोन्ही तळाशी बसून राहणाऱ्या लहान माशांचे गट आहेत. मला मात्र तो हॉकफिश या तिसऱ्याच गटातला वाटतो.

गोबीच्या पाठीवर सहसा दोन वेगळे पर असतात, आणि पोटाखालचे पर बहुतेक जातींत जुळून चोषकासारखे, म्हणजे चिकटून बसणाऱ्या वाटीसारखे होतात. आपल्या मुंबईच्या खाड्यांतील चिखलात उड्या मारणारा निवटा याच गोतावळ्यातला आहे. ब्लेनीचा पाठीवरचा पर एकसलग व लांब असतो, आणि अनेक जातींत डोळ्यांवर बारीक तुरे दिसतात. आपल्या छायाचित्रात मात्र तुरे डोळ्यांवर नसून पाठीच्या काट्यांच्या टोकांवर आहेत, ही हॉकफिशची मोठी खूण आहे. दुसरी खूण छातीच्या परांची: त्यांचे खालचे किरण (पराला आधार देणाऱ्या काड्या) जाड व न फाटलेले असतात आणि त्यांच्यावर रेलून हा मासा प्रवाळावर टेकतो, कारण तरंगत राहण्यासाठी लागणारा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) त्याला नसतोच.

शेपटीवरही लाल ठिपके स्पष्ट दिसत असल्यामुळे आणि दुसऱ्या एका हॉकफिशला असते तशी डोळ्यामागे कमानीसारखी खूण नसल्यामुळे मी पिक्सी हॉकफिश या जातीच्या बाजूने आहे. हा जेमतेम ८ ते १० सेंटिमीटरचा होतो. शक्य असल्यास त्याच माशाचे बाजूने, पाठीचा पर पूर्ण उभारलेला असतानाचे दुसरे छायाचित्र जरूर द्यावे. रंग पाण्यात आणि फ्लॅशमध्ये बदलतात, काट्यांवरचे तुरे बदलत नाहीत.