जुन्या फोर बाय फोरचा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) काढून साधे ब्रेक करायचेत, पाइप थेट जोडले तर चालतील का?

चिरेखाण_राजापूर
२००८ ची डिझेल फोर बाय फोर. पुढे डिस्क, मागे ड्रम, मागचा अॅक्सल सलग. वापर चिरेखाणीच्या रस्त्यांवर आणि खाडीकाठी. थांबता थांबता, साधारण दहाच्या स्पीडला, पेडल पायाखाली टकटकतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. कोरड्या डांबरावरसुद्धा. एबीएसचा दिवा मात्र लागत नाही. गॅरेजवाला म्हणतो, युनिट काढून पाइप थेट जोडू. याच मॉडेलची बिनएबीएसची गाडी त्या काळी मिळायची, त्यामुळे पार्टची अडचण नसावी. काय काय लागेल?

घाटवाट
युनिटला हात लावू नका अजून. एबीएसचा फ्यूज काढा आणि मोकळ्या मैदानात हळू चालवून बघा. टकटक थांबली तर घोळ बहुतेक चाकाच्या सेन्सरचा आहे.

दोन वायरचा पॅसिव्ह सेन्सर (बाहेरून वीज न लागणारा) असेल तर चाक हळू झालं की त्याचा सिग्नल मुळातच बारीक होतो. खाऱ्या हवेत सेन्सरच्या बुडाखाली गंज फुगतो, सेन्सर वर उचलला जातो, टोन रिंगपासूनची (चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी) फट वाढते. मग थांबायच्या जरा आधी सिग्नल तुटतो, कंट्रोलरला वाटतं चाक लॉक झालं, आणि तो त्या चाकाचा दाब सोडतो. वायर तुटलेली नसल्याने दिवा लागत नाही.

सेन्सर काढताना ठोकाठोकी नको, रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. बसायची जागा वायर ब्रशने पांढरी होईपर्यंत घासा. रिंगच्या दातांतली लाल माती आणि लोखंडाचा कीस काढा, रिंगला तडा आहे का तेही बघा. पॅसिव्ह सेन्सर मीटरवर बहुधा १ ते २.५ किलोओहम दाखवतो. आकड्यापेक्षा डावा-उजवा एकमेकांशी ताडून बघणं महत्त्वाचं. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा, व्होल्टेज स्पीडबरोबर चढलं पाहिजे. सेन्सर अॅक्टिव्ह प्रकारचा असेल तर ओहम मोजू नका, जळू शकतो.

फ्यूज काढला की ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटणारी यंत्रणा) जातो. तसं रस्त्यावर फिरायचं नाही, पावसात तर मुळीच नाही.

बंडीपाइप
घाटवाट म्हणतात तेच आधी करा. तरीही काढायचाच असेल तर फिटरला एवढंच विचारा: मागच्या चाकांचा दाब कोण आवरणार?

ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. साध्या गाडीत मागचा दाब एलएसपीव्ही, म्हणजे गाडीतल्या वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, कापतो. एबीएसच्या गाडीत हे काम बहुतेक वेळा ईबीडी करतो, एलएसपीव्ही दिलेलाच नसतो. पाइप थेट जोडले की मागच्या ड्रमना पूर्ण दाब. रिकामी गाडी, ओला जांभा आणि उतार, एवढं जमलं की गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

त्यामुळे पार्ट बिनएबीएस व्हेरियंटचेच घ्या: एलएसपीव्ही, त्याचा ब्रॅकेट, अॅक्सलकडे जाणारी स्प्रिंग-लिंक, पुढच्या लाइनचा टी (एका पाइपाचे दोन करणारा जोड). मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) बहुधा तोच चालतो, तरी दोन्ही व्हेरियंटचा पार्ट नंबर आणि बोअर (आतला व्यास) ताडून बघा. जोडणी अशी: मास्टरची पुढची सर्किट टीमधून दोन्ही पुढच्या चाकांना, मागची सर्किट एलएसपीव्हीतून अॅक्सलवरच्या टीला. दोन सर्किट कुठेही एकत्र करायच्या नाहीत, नाहीतर एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले.

पाइप ४.७५ मिमीचा. आपल्याकडे स्टीलचा बंडी (नेहमीचा ब्रेक पाइप) क्लिपखाली आधी सडतो, म्हणून मिळालं तर कॉपर-निकेलचा घ्या. फ्रिज-एसीचा तांब्याचा पाइप नाही, आणि फेरूल लावून सांधा तर नाहीच. फ्लेअर (पाइपचं पसरवलेलं टोक) सिंगल नको. जुन्या नटाखाली डबल आहे की बबल ते बघूनच टूल लावा, दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, झिरपतात. नट सोडायला फ्लेअर नट स्पॅनर, साध्या पान्याने कोपरे गोल होतात.

ऑइल डॉट ३ किंवा ४, झाकणावर लिहिलं असेल ते, १ लिटर, सीलबंद डब्यातलं. उघडा पडलेला डबा कोकणातल्या हवेत ओल ओढून बसलेला असतो. पाइपातली एअर मास्टरपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे काढत या: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एलएसपीव्हीला स्वतःचा ब्लीडर (एअर काढायचा स्क्रू) असेल तर तोही.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर आतून सोडतोय. मग ओल्या मोकळ्या जागेत २० ला, नंतर ४० ला कचकन ब्रेक. आधी पुढची चाकं लॉक झाली पाहिजेत.

चिरेखाण_राजापूर
समजलं. सांगायचं राहिलं, गाडी दोन इंच उचललेली आहे. एलएसपीव्हीला फरक पडेल का? आणि एबीएस काढल्यावर त्याच्या दिव्याचं काय?

लाल_माती
पडतो, भाऊ. बॉडी अॅक्सलपासून लांब गेली की व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक मंद लागतात. अॅक्सलकडचा ब्रॅकेट तेवढाच उंच करून लिंकचा कोन मूळ जागी आणा. लिंक ताणून बांधणं हा इलाज नाही.

दिव्याचा बल्ब काढायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. काही गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्याची आणि ईबीडीची सूचना एकाच दिव्यावर येते. युनिटचा प्लग काढण्याआधी वायरिंग डायग्राममध्ये स्पीडोमीटरचा सिग्नल कुठून येतो तेही बघा, काही गाड्यांत तो एबीएसच्या कंट्रोलरकडूनच जातो.

आणि एक, गाडी रस्त्यावर चालणार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई) आडवं येतं. कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर एबीएस युनिटचा रिकामा ब्रॅकेट बघू शकतो. २००८ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांचं पासिंग २०२३ ला झालं असेल, आता पुढचं येतंय. मी तरी सेन्सर आणि गरज पडली तर टोन रिंग बदलून एबीएस ठेवेन. खडीच्या उतारावर एबीएस नकोसा वाटतो हे खरं, कारण लॉक झालेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग करून थांबतं. पण तेवढ्यासाठी फोंडा घाटातल्या पावसात त्याच्याविना उतरायचं, हा सौदा मला पटत नाही.

चिरेखाण_राजापूर
आधी फ्यूज काढून बघतो, मग चारही सेन्सर. रीडिंग इथेच टाकतो.