टाकीच्या तोंडाशी ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला. आत उतरावे का?

प्रश्न :
आमच्याकडे एका पोलादी टाकीची आतून दुरुस्ती करायची आहे. टाकी धुऊन, झाकण लावून बरेच दिवस बंद ठेवलेली होती. झाकण काढून मॅनहोलच्या तोंडाशी गॅस डिटेक्टर धरला, तेव्हा ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला. परमिटवर (आत उतरण्याच्या लेखी परवानगीवर) तेवढी नोंद करून माणूस आत पाठवावा, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाने नेमके काय करायचे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ :
आपली शंका रास्त आहे. तोंडाशी मिळालेला आकडा बहुधा बाहेरच्याच हवेचा असतो. पोलाद गंजताना ऑक्सिजन वापरला जातो, त्यामुळे टाकीत विषारी असे काही उरले नसले, तरी बंद राहिल्याने आतला ऑक्सिजन जीवघेण्या पातळीपर्यंत उतरलेला असू शकतो आणि त्याला ना वास असतो ना रंग. म्हणून कोणालाही आत न उतरवता डिटेक्टरची नळी सोडून वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातील हवा तपासावी. मिथेन हलका असल्याने वर साचतो, हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने तळाशी बसतो. नळी लांब असेल तर हवा सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तेवढे थांबल्याशिवाय आकडा लिहू नये. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू हा क्रम पाळावा, कारण ऑक्सिजन कमी असला की ज्वलनशील वायूचे नेहमीचे सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतात. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल, तर प्रवेश नाही.

उत्तर २ :
वरील उत्तरात एक भर. सकाळची तपासणी दुपारच्या कामाला पुरत नाही. तळाचा गाळ खरवडला की त्यात अडकलेला वायू सुटतो आणि वेल्डिंगमुळेही हवा बिघडते, म्हणून ब्लोअर सतत चालू हवा आणि आतल्या माणसाच्या अंगावर डिटेक्टर हवाच. हवा खेळती करण्यासाठी सिलिंडरमधला ऑक्सिजन मात्र कधीही सोडू नये. त्याने कपडेसुद्धा भडकून पेटतात. वासावर भिस्त ठेवू नये, कारण हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला तो जाणवेनासा होतो. टाकीला जोडलेल्या पाइपांचा नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. तेथे ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी भरीव चकती, बसवावे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. बाहेरच्या माणसाविषयीही कोणी लिहावे.

उत्तर ३ :
त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये, अगदी हत्यारे आणून देण्याचेसुद्धा. आत कोण आहे याची नोंद ठेवणे, सतत बोलत राहणे आणि उत्तर अडखळले किंवा अलार्म वाजला की सर्वांना तत्काळ बाहेर बोलावणे, एवढेच त्याचे काम. आतला माणूस कोसळला, तरी त्याने स्वतः आत उतरायचे नाही. सहकाऱ्याला काढायला धावलेला माणूसही त्याच हवेत पडतो आणि अशा अपघातांत एकामागून एक माणसे जातात, हे मला फार अस्वस्थ करते. म्हणून आत जाणाऱ्याच्या अंगावर हार्नेस (शरीराला बांधायचा पट्ट्यांचा साज) असावा, त्याची दोरी मॅनहोलवर उभ्या केलेल्या ट्रायपॉडवरील (तिपाईवरील) विंचला, म्हणजे दोरी गुंडाळून ओझे वर घेणाऱ्या यंत्राला, आधीच जोडलेली असावी आणि बाहेरच्याने विंच फिरवून त्याला वर घ्यावे. आतील अडथळ्यांत दोरी अडकणार असेल, तर श्वसनयंत्रासह प्रशिक्षित बचाव पथक तेथे हजर असल्याशिवाय परमिटवर सही करू नये.