डेस्मंड डॉसने जखमींना कड्यावरून उतरवलं ते नेमकं कसं?

कातळवाट:
जपानच्या ओकिनावा बेटावरच्या मायदा कड्यावरून या अमेरिकी वैद्यकीय शिपायाने दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये ७५ जखमी एकट्याने खाली सोडले. त्याच्या मेडल ऑफ ऑनर या शौर्यपदकाच्या मानपत्रात दोराला बांधलेलं स्ट्रेचर आहे, इतरत्र नुसती गाठ. खरं काय? कडा ४०० फुटांचा म्हणतात, मग एवढा दोर आला कुठून? आणि धर्म म्हणून शनिवारी काम न करणारा माणूस त्या शनिवारी कामावर कसा?

दोरखंड:
४०० फूट ही सबंध चढाची उंची. ताशीव कडा वरचा सुमारे ३५ फूट, दोर तेवढ्यालाच लागला. डॉसने स्वतः सांगितली ती गाठच. दोर दुमडून बोलाइन (न सरकणाऱ्या कडीची गाठ) मारली की दोन कड्या मिळतात. एकेका कडीत एकेक पाय घालायचा, मग छातीभोवती दोर घेऊन आणखी एक बोलाइन. छातीची राहिली तर बेशुद्ध माणूस डोक्यावर उलटतो. सरकफास इथे घातकच, भार येताच आवळतो. बोलाइनची कडी आहे तेवढीच राहते. वरचा दोर बुंध्याला वेढे देऊन सोडायचा. भार घर्षणावर जातो, हाताने फक्त वेग सांभाळायचा. ट्रेकवाल्यांना हे नवीन नाही.

७५ हा आकडा मात्र तडजोडीचा. सैन्य म्हणे १००, डॉस म्हणे फार तर ५०.

शब्बाथ:
५ मे शनिवारच होता. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा (पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ यांचंच) शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. कवायत, साफसफाई बंद. रुग्णसेवा चालते, येशूनेही त्या दिवशी आजारी बरे केले म्हणून. त्यामुळे त्याचं सैन्याशी भांडण शनिवारच्या रजेचं आणि रायफल न घेण्याचं होतं, जखमी उचलण्याचं कधीच नव्हतं.

कातळवाट:
म्हणजे रायफलीला हात लावलाच नाही?

दोरखंड:
एकदा लावला. २१ मेच्या सुमारास ग्रेनेडने पाय फाटले, वर गोळीने हात मोडला. तेव्हा रायफलीचा दस्ता हाताला खपची म्हणून बांधला आणि ३०० यार्ड सरपटत मदतकेंद्र गाठलं.

शब्बाथ:
लोक इथेच थांबतात, पुढचं आयुष्य जास्त कठीण आहे. डोरोथीशी लग्न १९४२ चं, मुलगा १९४६ चा, आणि त्याच वर्षी क्षयाचं निदान. साडेपाच वर्षं उपचार. एक फुप्फुस आणि पाच बरगड्या गेल्या. १९७६ मध्ये प्रतिजैविकांच्या जादा मात्रेने ऐकू येणं बंद झालं, १९८८ मध्ये कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवायचं श्रवणयंत्र) बसवलं. चर्चच्या मुलांबरोबरचं काम तरी चालूच. २००६ मध्ये गेले; चॅटानूगाच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहेत.